सरावातले हेलिकॉप्टर शिवारात कोसळले तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे

नाशिक रोड, उपनगर, देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या पट्ट्यात राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचे अप्रूप उरलेले नाही. नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला सैन्याच्या हवाई शाखेचे, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरचे, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'कॅट्स', २००३ पासून आहे आणि तिथल्या चीता-चेतक हेलिकॉप्टरांचा आवाज इथल्या सकाळीचाच भाग झाला आहे. हेलिकॉप्टरांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली असल्याने निवृत्तीनंतर गावोगावचे ओळखीचे शेतकरी मला एकच प्रश्न विचारतात, 'भाऊ, हे आमच्या बागेत पडलं तर आम्ही करायचं काय?' हे मार्गदर्शन त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. ते वैमानिकांसाठी नाही. अपघातस्थळी अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका पोहोचण्याआधी जी माणसे हमखास पोहोचतात, त्यांच्यासाठी आहे.

आधी, ते खरेच पडते आहे का हे ओळखावे

आणीबाणीच्या उतरणीचा सराव जमिनीवरून पाहणाऱ्याला अपघातासारखाच दिसतो, आणि त्यामुळे लोक निष्कारण धावतात किंवा, त्याहून वाईट, सवयीने दुर्लक्ष करतात. चीता आणि चेतक या दोघांनाही एकच इंजिन असते. ते हवेत बंद पडले तर हेलिकॉप्टर सुखरूप उतरवण्याच्या पद्धतीला ऑटोरोटेशन म्हणतात. जत्रेत मिळणारे कागदी भिरभिरे हातात धरून मूल पळाले की ते आपोआप फिरते, तसाच हा प्रकार आहे: इंजिनाची शक्ती तुटताच वैमानिक डाव्या हातातला दांडा खाली दाबतो, पात्यांचा कोन कमी होतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागते आणि खालून वर जाणाऱ्या हवेच्या झोतावर मुख्य पंखा फिरत राहतो. हा दांडा दाबायला क्षणभर उशीर झाला तरी पंख्याचे फेरे घटतात, आणि घटलेले फेरे परत मिळवायला उंची खर्च करावी लागते. जमिनीच्या जवळ आल्यावर वैमानिक नाक वर उचलून वेग मारतो आणि अगदी शेवटी तोच दांडा वर ओढून पंख्यात साठलेल्या फेऱ्यांच्या बळावर अलगद टेकतो. हजार फुटांवरून जमिनीपर्यंतचा हा सगळा खेळ जेमतेम पाऊण मिनिटाचा असतो.

सरावात इंजिन खरोखर बंद पडलेले नसते. प्रशिक्षक ते मंद करून ठेवतो. म्हणून आधी आवाज एकदम उतरतो, हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, नाक वर होते, पाती 'फटफट' वाजतात आणि पुन्हा इंजिनाचा आवाज चढून ते वर निघून जाते किंवा मोकळ्या जागेवर टेकते. झाडांच्या ओळीमागे गेलेले हेलिकॉप्टर मिनिटभरात वर आले नाही, चढत्या आवाजाऐवजी कडकडाट ऐकू आला, एकाच बाजूला दाट धुरळा उठला किंवा इंजिन एकसारखे किंचाळत राहिले, तर मात्र सराव बिघडला असे धरून चालावे.

सरावातच अपघात का व्हावा, असे लोक आश्चर्याने विचारतात. शेवटच्या तीन-चार सेकंदांत चुकीला जागा नसते, एवढेच त्याचे कारण. नाक फार उंचावर उचलले तर वेग मरतो, पण जमीन अजून दूर राहते आणि पंख्यात फेरे न उरल्याने हेलिकॉप्टर आदळते. उशिरा उचलले तर शेपूट आधी टेकते. आदळताना फेरे कमी झालेल्या पंख्याची लवचिक पाती खाली वाकतात आणि स्वतःचेच शेपूट कापतात, हे दृश्य मी पाहिले आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा आणखी विरळ होते, त्यामुळे उतरण्याचा वेग वाढतो आणि शेवटची उचल कमी पडते. मंद केलेले इंजिन वेळेत पुन्हा चढवता आले नाही, तर सराव म्हणून सुरू केलेली उतरण खरीच होऊन बसते. यात वैमानिकाच्या धैर्याचा प्रश्न नसतो, हे गावातल्या चर्चेत ध्यानात ठेवावे.

फोन आणि रस्ता

पहिला फोन ११२ क्रमांकावर करावा आणि दुसऱ्या माणसाने त्याच वेळी १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. फोनवर गट नंबर सांगून उपयोग नसतो, कारण रुग्णवाहिकेच्या चालकाकडे सातबारा नसतो. डांबरी रस्त्यापासूनची खूण, मळ्याचे नाव आणि शक्य असल्यास मोबाईलवरून ठिकाण पाठवावे. हेलिकॉप्टर लष्करी वाटते की खासगी, आग किंवा धूर आहे का, आत किती माणसे दिसतात आणि जवळ विजेची तार तुटली आहे का, या चार गोष्टी सांगितल्या की पुढच्यांचे निम्मे काम होते. पोलीस पाटलांना कळवावे. एका तरुणाला मोटारसायकलवर डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उभे करावे आणि शिवरस्त्यात उभे असलेले ट्रॅक्टर ताबडतोब बाजूला घ्यावेत, कारण माझ्या पाहण्यातला सर्वाधिक उशीर इंजिनाच्या धुराने झालेला नसून वाटेत आडव्या लावलेल्या ट्रॉलीने झालेला आहे.

ग्रामसुरक्षा यंत्रणेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. एका कॉलवर सारा गाव जागा करणारी ती व्यवस्था चोर आला किंवा बिबट्या दिसला तर उत्तम आहे. येथे मात्र ती वापरायची झाल्यास संदेशातच 'रस्ता मोकळा ठेवा, बघायला येऊ नका' असे स्पष्ट सांगावे.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या नाशिक रोडच्या परिसरातल्या कित्येक शेतांवरून जातात, आणि बागेतल्या पंपाच्या तारा तर सगळीकडेच असतात. हेलिकॉप्टरने तार तोडली असेल तर ती द्राक्षाच्या मांडवावर पडलेली असू शकते, आणि मांडव म्हणजे लोखंडी अँगल व तारांचे सलग जाळे असल्याने एका टोकाला शिरलेली वीज दुसऱ्या टोकाला हात लावणाऱ्यास धरू शकते. म्हणून गावच्या वायरमनला फोन करून फीडर बंद झाल्याचे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मांडवाच्या तारेला, अँगलला किंवा हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला हात लावू नये आणि तुटलेल्या तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावे.

जवळ कसे जावे

हा भाग सावकाश वाचावा, कारण धावत येणारा माणूस येथेच मरतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. सरावाच्या मैदानात एका प्रशिक्षणार्थीने नाक जरासे उंचावर उचलले आणि हेलिकॉप्टर दहा-बारा फुटांवरून धपकन खाली आले. स्किड, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यांवर टेकते त्या खालच्या आडव्या नळ्या, दोन्हीकडे फाकले, पात्याने शेपूट उडवले आणि सांगाडा उजवीकडे कलला. मैदानाच्या कडेला शेळ्या चारणारा एक पोरगा कमरेचा पाण्याचा तांब्या सोडून हातात घेऊन सरळ मागच्या बाजूने धावत आला. आम्ही ओरडत होतो, पण फिरत्या पंख्याच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? तो वाचला याचे एकच कारण: शेपूट तुटले होते, म्हणून शेपटीचा पंखा थांबलेला होता. शेपूट शाबूत असते तर तो पंखा त्याच्या छातीच्या उंचीवर फिरत राहिला असता, आणि पूर्ण वेगाने फिरणारा शेपटीचा पंखा डोळ्यांना दिसतच नाही. तांब्यातले पाणी सांडले नव्हते, हे मला अजून आठवते.

म्हणून मागून कधीही जाऊ नये. शेपटीची बाजू संपूर्णपणे वर्ज्य मानावी. हेलिकॉप्टर कोसळले तरी त्याचे इंजिन चालू राहू शकते, आणि ते बंद झाल्यावरही मुख्य पंखा मिनिट-दीड मिनिट फिरत राहतो. चीता आणि चेतकचा मुख्य पंखा सुमारे ११ मीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, म्हणजे पात्याचे टोक ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. पंखा पूर्ण वेगात असताना पाती वर ताठ राहतात. खरा धोका फेरे कमी होताना वाढतो, कारण तेव्हा पाती खाली लोंबतात आणि वाऱ्याच्या एका झुळुकीने आणखी खाली येतात. 'आता हळू फिरतंय, जाऊ या' असे ज्या क्षणी वाटते तोच क्षण सर्वांत वाईट. सांगाडा कलला असेल तर एका बाजूची पाती गुडघ्याच्या उंचीवरूनही फिरू शकतात.

चाळीस-पन्नास मीटरांवर थांबावे, आणि आग नसेल तर पंखा पूर्ण थांबेपर्यंत तिथेच थांबावे. आतला वैमानिक शुद्धीवर असेल तर समोरून, त्याला दिसेल अशा जागी उभे राहून, गळ्यावरून आडवा हात फिरवून इंजिन बंद करण्याची खूण करावी. त्याने हाताने बोलावले तरच आणि समोरून किंवा समोरच्या तिरप्या बाजूने, वाकून, पात्यांकडे नजर ठेवून पुढे जावे. जमीन उताराची असेल, आणि पांडवलेणी किंवा भगूरकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ती तशी असतेच, तर उताराच्या खालच्या बाजूने जावे. वरच्या बाजूला पाती आणि जमीन यांतले अंतर फारच कमी होते. टोपी, उपरणे, पदर आवरावा. खांद्यावर फावडे किंवा फवारणीची नळी उभी धरून जाऊ नये. मल्चिंग पेपर, शेडनेटचे तुकडे, क्रॉप कव्हर अशा उडणाऱ्या वस्तू जवळपास असतील तर त्यांना हात न लावता मागेच थांबावे, कारण सोडवायला गेलेला कागद झोतात सापडून पंख्यात जातो. चीता आणि चेतकचे इंजिन पाठीवर उघडेच बसवलेले असते आणि ते बंद पडल्यावरही बराच वेळ भाजण्याइतके तापलेले राहते; आधारासाठी तिथे हात टेकू नये.

आतल्या माणसांना

सरावाच्या उड्डाणात बहुधा दोघे असतात, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, शेजारी-शेजारी बसलेले. २७ जून २०१८ रोजी निफाड तालुक्यात वावी-ठुशीजवळ आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगावजवळ सुखोई विमाने पडली, तेव्हा दोन्ही वेळा वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन सुखरूप राहिले होते. ते ऐकून-पाहून अनेकांना वाटते की इथेही माणसे दूर कुठेतरी छत्रीने उतरली असतील. चीता-चेतकांत तशी सोय नसते; माणसे आतच असतात आणि तिथेच शोधावीत.

उभ्या आदळण्याने पाठीचा कणा दबून मोडतो, ही या अपघातांतली नेहमीची दुखापत आहे. माणूस बोलतो, पाय हलवतो, 'मला बाहेर काढा' म्हणतो, तरीही त्याचा मणका मोडलेला असू शकतो. म्हणून आग, धूर किंवा इंधनाची गळती नसेल तर त्याला ओढून काढू नये. डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून, त्याच्याशी बोलत, १०८ ची माणसे येईपर्यंत तसेच ठेवावे. हेल्मेट श्वास अडत नसेल तर काढू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि ते भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे, पहिले काढून बघू नये. चहा, पाणी, काहीही पाजू नये, कारण पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. सैन्यातला प्रशिक्षणार्थी देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला असू शकतो, म्हणून साध्या हिंदीत, लहान वाक्यांत बोलावे आणि 'अंदर कितने लोग हैं?' हे आधी विचारावे.

आग लागलेली असेल किंवा लागण्याची चिन्हे असतील तर मात्र मणक्याचा विचार मागे ठेवून माणूस बाहेर काढावाच लागतो. पट्ट्यांचा गुंता पोटाजवळच्या बकलवर एकत्र येतो. ते फिरवून किंवा दाबून सुटते. सांगाडा उलटा असेल तर बकल सोडण्याआधी एकाने खालून खांद्यांचा भार पेलून धरावा, नाहीतर सुटलेला माणूस डोक्यावर पडेल. बकल अडकले तर विळ्याने पट्टा कापावा. छाटणीच्या कात्रीने हे जाड विणलेले पट्टे कापले जात नाहीत, वेळ मात्र जातो. पुढची पारदर्शक काच फुटून तिच्या कडा सुऱ्यासारख्या झालेल्या असतात, त्यावर कांद्याच्या गोणी दुमडून टाकाव्यात. वाहून न्यायचे झाल्यास झोळ देणारी बाज घेऊ नये. घराचे दार, फळी किंवा जाड प्लायवूड घ्यावे. निदान शंभर मीटर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यावे.

आग आणि इंधन

या हेलिकॉप्टरांच्या टाकीत पाचशे लिटरांहून अधिक एटीएफ, म्हणजे विमानाचे इंधन, मावते. त्याला रॉकेलसारखा वास येतो, आणि तो आला की विडी, स्टार्टर, मोटारसायकलची किक सगळे बंद. अडतीस-चाळीस अंशांच्या वर तापलेल्या मातीवर सांडल्यास त्याची पेटणारी वाफ उठते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी मोकळ्या रानात तो धोका जानेवारीतल्या निफाडच्या सकाळीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

पेटलेल्या इंधनावर पाण्याची धार मारू नये, कारण इंधन पाण्यावर तरंगत पुढे पसरते. कोरडी माती किंवा वाळू फावड्याने टाकावी, पावडरचे अग्निशामक असेल तर ते ज्वालेच्या मुळाशी मारावे, आणि हे सारे आग लहान असेल तरच करावे. सांगाड्याने पेट घेतला की मागे हटावे. द्राक्ष बागायतदाराला ट्रॅक्टरचा ब्लोअर आणण्याचा मोह होतो, कारण त्यात पाचशे-सहाशे लिटर पाणी भरलेले असते. तो आणू नये. ट्रॅक्टर स्वतःच ठिणगी टाकू शकतो, झोताने ज्वाला भडकते आणि टाकीत औषधाचा अंश असला तर तो वाफेबरोबर सगळ्यांच्या छातीत जातो. याच कारणाने भाजलेल्या माणसावरही ब्लोअरचे किंवा ठिबकच्या खत सोडलेल्या नळीचे पाणी ओतू नये. विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ, थंड पाणी वीस मिनिटे हळू सोडत राहावे, आणि टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. इंधनाने भिजलेले कपडे काढावेत, कातडीला चिकटलेले सोडून.

ध्रुवसारख्या नव्या बनावटीच्या हेलिकॉप्टरांत तंतुमय संमिश्र साहित्य पुष्कळ असते आणि ते जळल्यावर उडणारी बारीक काळी धूळ फुप्फुसांत व कातडीत रुतते. धुराच्या खालच्या अंगाला कोणालाही उभे करू नये. नाकावर ओले फडके बांधावे. लष्करी हेलिकॉप्टरमध्ये दारूगोळा, फ्लेअर किंवा दाबाने भरलेल्या बाटल्या असू शकतात, म्हणून ओळखू न येणाऱ्या कोणत्याही नळकांड्याला पायानेही ढकलू नये.

बघे आणि अवशेष

माणसे बाहेर निघाल्यावर गावाचे काम संपत नाही, ते बदलते. आता दोरी बांधून गर्दी शंभर मीटरांबाहेर ठेवणे आणि एकही तुकडा हलू न देणे एवढेच काम उरते. लष्करी हेलिकॉप्टरची चौकशी सैन्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी करते आणि नागरी हेलिकॉप्टरची विमान अपघात अन्वेषण ब्युरो करते. दोन्ही ठिकाणी पात्याचा तुकडा कुठे पडला, शेपूट किती अंतरावर गेले, जमिनीवर स्किडची पहिली खूण कुठे आहे, यावरून शेवटची तीन सेकंदे पुन्हा मांडली जातात. आठवण म्हणून घरी नेलेला एक बोल्ट त्या मांडणीतून निखळतो, आणि अशी वस्तू नेणे कायद्याने गुन्हाही ठरते. माणूस वाचवण्यासाठी काही हलवावे लागले असेल तर ते कुठून कुठे हलवले हे नंतर अधिकाऱ्याला सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

मोबाईलवर चित्रण करायचेच असेल तर लांबून पूर्ण शिवाराचे एकदा करावे आणि ते चौकशी अधिकाऱ्याला द्यावे. जखमींचे चेहरे गटागटांत फिरवू नयेत. वैमानिकाच्या घरी बातमी पोहोचण्याआधी ते तिथे पोहोचते, आणि मी अशी एक आई पाहिलेली आहे.

ज्यांनी उतरण पाहिली त्यांनी आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाने वेगवेगळे, कागदावर, चार ओळी लिहून ठेवाव्यात: आवाज आधी उतरला की आधी हेलिकॉप्टर खाली आले, नाक कुठल्या दिशेला होते, नाक उचलले तेव्हा ते झाडांच्या वर होते की खाली, आवाज पुन्हा चढला का, वारा कुठून होता. चहाच्या टपरीवर तासभर चर्चा झाली की दहा जणांची एकच गोष्ट होते आणि चौकशीला तिचा काहीच उपयोग होत नाही.

पिकाचा पंचनामा

मांडव मोडला, ठिबक तुटली, घड झडले, तर तलाठी व कृषी सहाय्यकांकडून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज तहसीलदारांकडे द्यावा. सातबारा, पीक नोंद, मांडव आणि ठिबकच्या पावत्या जवळ ठेवाव्यात. अवशेष उचलले जाईपर्यंत बागेची डागडुजी सुरू करू नये. उचलल्यानंतरही, इंधन मुरलेली माती वरच्या वीतभर थरासह खरवडून वेगळी काढावी, काचेचे तुकडे वेचावेत आणि त्या भागातला चारा त्या हंगामापुरता जनावरांना घालू नये.